गार वाफ

३ फेब्रुवारी, सोमवार

लेकीने दिलेली ही डायरी दोन वर्षं कपाटात कोरी पडून होती. "आई, तुझ्या डोक्यात दिवसभर काहीतरी चालू असतं, ते कुठेतरी उतरवत जा," म्हणाली होती. आज उतरवते, कारण घरात बोलायची सोय राहिली नाही. पडद्याचा विषय काढला की हे भिंतीकडे तोंड करून बसतात.

झालं असं, की सकाळी नाट्यगृहाच्या मॅनेजरचा फोन आला. तिथे डागडुजी चाललीय आणि माळ्यावर ह्यांनी रंगवलेला नदीचा पडदा सापडलाय. "काकू, कापडाचे पट्टे तुम्हीच जोडले होते ना? शिवण उसवलीय. जरा बघून जा." गेले. चार माणसांनी गुंडाळी धरून हातभर उलगडली मात्र, खालच्या चादरीवर निळ्या भुकटीची रेघ पडली. ते आकाश होतं. ह्यांनी शिडीवर उभं राहून महिनाभर रंगवलेलं रात्रीचं आकाश, केरासारखं खाली!

ह्यांनी जन्मभर नाटकांचे पडदे रंगवले, पण राहिला हा एकच. एकाची ताडपत्री झाली, एकावर पांढरा हात मारून सिनेमे दाखवले, बाकीचे कुठे गेले देव जाणे. आता नाट्यगृहाच्या कमिटीने ठरवलंय, महिनाअखेरीला हा पडदा वर चढवून बघायचा. रंग झडला नाही तर हाच लावायचा. झडला तर छापील पडद्याची ऑर्डर, आणि ह्याची रवानगी भंगारात. तोवर एक बाई येऊन प्रयत्न करणार आहे म्हणे, जुन्या चित्रांची डॉक्टर.

घरी येऊन सांगितलं. पाच वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला, तेव्हापासून ह्यांनी ब्रश धरला नाही आणि नाट्यगृहाची पायरी चढली नाही. म्हणाले, "हात गेला, पडदाही जाऊ दे." आणि वळले भिंतीकडे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

खरं सांगू? दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही म्हणून इथे लिहिते. तो पडदा गेला तर मला चटका लागेल, पण मनाचा एक कोपरा म्हणेल, बरं झालं.

कारण त्या पडद्यावर ती भवानी आहे. नदीच्या काठावर पाठमोरी, हातात कंदील घेऊन नावेची वाट बघत उभी. तोंड दिसतच नाही. अंबाडा एका बाजूला घसरलेला, मानेवर दोन बटा सुटलेल्या. कंदील डाव्या हातात, म्हणजे बया माझ्यासारखीच डावखुरी. ह्यांच्या नशिबात डावखुऱ्याच लिहिल्यात वाटतं! लेक झाली तेव्हा मी चार महिने आईकडे होते, तेवढ्यात ह्यांनी पडदा पुरा केला. परत आले, मागच्या रांगेत बसून नाटक बघितलं, तर नटांच्या मागे ही उभी. घरी आल्यावर विचारलं, "ही कोण?" हसले आणि म्हणाले, "आहे एक." बस्स. मी पुन्हा विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही. पस्तीस वर्षं झाली. भांडणाचीही एक वेळ असते, ती निघून गेली.

तरी शिवण घालायला मी जाणार आहे. कापड मी जोडलंय, भवानीने नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चित्रांची डॉक्टर आली. तिशीतली पोर, खिशात कापसाचे बोळे, केसांत खोचलेली पेन्सिल. मला वाटलं होतं ब्रशांची पेटी उघडेल. तिने काढला एक डबा, त्याला एक नळी.

"ब्रश लावला तर रंग ब्रशलाच येईल, काकू. साधा फवारा मारला तर थेंब मोठे पडतात, डाग धरतात, आणि हवेच्या झोताने उरलीसुरली भुकटी उडून जाते. ह्या रंगातला सरस मेलाय. नवा सरस पाजायचाय, पण हात न लावता."

सरस म्हणजे रंगाच्या भुकटीला कापडावर धरून ठेवणारा डिंक. मला कोण सांगणार! लग्न झालं तेव्हापासून घरात तो उकळत असायचा, वासाने घास उतरायचा नाही. हिचा सरस माशाचा, पाण्यात इतका पातळ केलेला की मला ते नुसतं पाणीच वाटलं. डब्याच्या तळाशी नाण्याएवढी एक चकती होती. तिने बटण दाबलं. आवाज म्हणाल तर डासाएवढा. पाण्याच्या मधोमध टेंगूळ आलं आणि त्या टेंगळातून पांढरा दाट धूर निघायला लागला.

"अगं बंद कर, जळतंय काहीतरी!" मी ओरडले.

ती हसली आणि माझा हात धरून नळीपुढे नेला. गार! अहो, गारेगार! माझा जन्म वाफेत गेला, चहाची, कुकरची, इस्त्रीची. वाफ म्हणजे चटका, एवढंच मला ठाऊक. ही गार वाफ मी पहिल्यांदा बघितली.

"वाफ नाही ही, तुषार आहेत. थेंबच, पण इतके बारीक की खाली पडायचं विसरतात," ती म्हणाली. "ती चकती थरथरते. सेकंदाला सतरा लाख वेळा. कानाला कळत नाही, पण पाण्याला कळतं. पाण्यावर बारीक लाटा उठतात आणि प्रत्येक लाटेचं टोक तुटून उडतं."

सेकंदाला सतरा लाख! माझं शिवणयंत्र पळवलं तर दोरा तुटतो. मी मनातल्या मनात तिचं नाव वाफवाली ठेवलं. चुकीचं आहे हे कळतंय, पण तुषारवाली काही तोंडात बसत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

लाटेचं टोक तुटतं म्हणजे काय, हे काही डोक्यातून जाईना. शेवटी कपडे धुवायच्या मशिनवर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवली. मशीन पिळायला लागलं आणि वाटीत बारीक बारीक सुरकुत्या उमटल्या, एकीत एक. जोर वाढला तसे चार थेंब टणकन बाहेर. मी टाळीच वाजवली. म्हातारपणी मला विज्ञान कळलं!

नेमका तेव्हाच लेकीचा व्हिडिओ कॉल. वाटी दाखवायला फोन जरा लांब धरला, तर तिला भलतंच दिसलं. "आई, पुन्हा एका पायावर! दुसरा पाय काय भाड्याने दिलायस का?" लहानपणापासून मला ही खोड आहे. कापड कापताना, भाजी चिरताना एक पाय दुसऱ्या पावलावर चढतो, माझं मलाच कळत नाही. तिला वाटीतल्या लाटा दाखवायच्या राहूनच गेल्या.

हे मात्र चहा घेऊन दारात येऊन उभे होते. कपात बघत म्हणाले, "लाटा माझ्याकडेही आहेत." हात थरथरत होता आणि चहावर तशीच वळी उठत होती. हसावं की रडावं कळेना. "किती वेळा थरथरते म्हणालीस ती चकती?"

"सेकंदाला सतरा लाख."

"मग मी फारच मागे आहे," म्हणाले आणि चहा प्यायले. पाच वर्षांत ह्यांनी हाताची थट्टा केलेली मी पहिल्यांदा ऐकली. बशीत सांडलेला चहा मी मुद्दाम पुसला नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज मशीन रुसलं. रंग लवकर धरावा म्हणून वाफवालीने सरस थोडा दाट केला होता. टेंगूळ येतंय, हलतंय, पण धूर म्हणून नाही. दाट पाण्याच्या लाटा जागच्या जागी बसून जातात, टोक तुटायला तयार नाही. पुन्हा पातळ केला तेव्हा कुठे धुकं सुटलं.

ह्यांना सांगितलं तर एकदम सरसावून बसले. "असल्या पातळ सरसाला माशी तरी चिकटेल का? माझा सरस बोटाला तार धरायचा!" पंधरा मिनिटं ऐकवलं मला. मी विचारलं, "तुम्हीच येऊन सांगा ना तिला." लगेच भिंत.

१५ फेब्रुवारी, शनिवार

चिकटली माशी!

एक एक भाग उलगडतो आम्ही, वरून खाली. वाफवाली दोन स्टुलांवर टाकलेल्या फळीवर पालथी झोपते आणि नळी आकाशावरून हळूहळू फिरवते. धुकं आपल्या पायाने खाली उतरतं, रंगावर बसतं आणि दिसेनासं होतं. ना डाग, ना ओल. सुकलं की पुन्हा. पातळ आहे म्हणून दहा-दहा वेळा. मी शेजारी बसून शिवण घालते आणि शिंक आली तर तोंडात पदर कोंबून बाहेर पळते.

आज तिने कापसाचा बोळा आकाशाला टेकवला. पहिल्या दिवशी असाच टेकवला तेव्हा निळाशार झाला होता. आज पांढराच्या पांढरा. तिने तो मला दिला, मी तो रुमालात बांधून घरी आणला आणि ह्यांच्या ताटाशेजारी ठेवला. ह्यांनी उलटा-पालटा करून बघितला, नाकाशी नेला.

"माशाचा आहे," म्हणाले. मग बोळा परत रुमालात बांधत, "पोरगी हुशार आहे."

हुशार? अहो, मी तर थक्क आहे. मुलाच्या गालाला सुद्धा कोणी इतकं हळू हात लावत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

माझ्या हातून घोळ झाला. लिहितानाही कानशिलं तापतायत.

नदीच्या पाण्यावर काम चाललं होतं. वाफवालीने नळी स्टँडला अडकवली आणि फोन आला म्हणून बाहेर गेली. मी बघितलं, तर डब्यातलं पाणी तळाला गेलेलं. तिनेच सांगितलं होतं, चकती कोरडी चालली तर तडकते. झालं, मी धावले. नळावरून तांब्या भरून आणला आणि ओतला डब्यात. बटण बंद करायचं मला सुचलंच नाही! उलट धुकं पुन्हा जोरात सुटलं तेव्हा स्वतःवर खूश झाले.

ती परत आली तोवर काळ्याशार पाण्यावर पांढुरकी साय धरली होती.

ती रागावली नाही, फळीवर नुसती बसून राहिली. ते जास्त लागलं. मग म्हणाली, "काकू, इथलं पाणी बोअरचं आहे. तुमच्या किटलीत पांढरा थर बसतो ना? तो किटलीतच राहतो, कारण वाफ एकटी वर जाते. हे तुषार एकटे जात नाहीत. पाण्यात जे असेल ते प्रत्येक थेंब बरोबर घेऊन जातो. म्हणून तर सरस रंगापर्यंत पोचतो. आज क्षार पोचले."

म्हणजे ज्या गुणाचं मी इतके दिवस कौतुक करत होते, त्यानेच माझा घात केला. आणि मी अडाण्यासारखी वाफ, वाफ म्हणत बसले. मी तिथेच रडले. तिने पाठीवर हात ठेवला. ही पांढरी भुकटी मऊ ब्रशने निघेल कदाचित, पण खालचा रंग अजून कच्चा आहे, तोही बरोबर येईल. "चित्रकाराला विचारायला हवं," म्हणाली. "चित्र त्यांचं आहे."

२० फेब्रुवारी, गुरुवार

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी चहाबरोबर सांगून टाकलं. म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते.

"पांढरं कुठे पडलंय?" ह्यांनी विचारलं.

"नदीवर. डावीकडे."

"तिच्यावर नाही ना?"

बघा! बायको रडवेली समोर उभी, आणि ह्यांना काळजी भवानीची. "नाही हो, ती धडधाकट आहे!" मी खेकसले.

ह्यांनी कप खाली ठेवला. "दिसतंय कसं? चुना फासल्यासारखं?"

"नाही. खालून दाट, वर विरळ होत गेलंय. मागचं पाणी दिसतं त्यातून."

आणि हे हसायला लागले. आधी गालात, मग खांदे हलेपर्यंत. "अगं, नदीवर धुकं हवं म्हणून मी तीनदा रंगवलं आणि तीनदा खरवडलं. पांढरा लावला की चुनाच दिसायचा. धुकं मला जन्मात जमलं नाही. आणि तू नळाच्या पाण्याने काढलंस! तिला सांग, राहू दे. हात लावायचा नाही."

वाफवालीला फोनवर शब्द न् शब्द सांगितला. ती म्हणाली, चित्रकार म्हणतायत तर राहू दे, मीच त्याला सरसाने पक्कं करते. संध्याकाळी ह्यांनी कपाटातून बाहेर जायचे बूट काढले, बघितले आणि परत ठेवले. पण पुसून ठेवले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शेवटचा भाग उलगडला. पडद्याच्या खालच्या कडेला कोणीतरी मागाहून काळी पट्टी मारली होती, कड फाटली असेल म्हणून. टाके असे की शिवणाऱ्याला शोधून जाब विचारावा. ते उसवायचं काम माझं. एक एक टाका कापत गेले, श्वास धरून, आणि पट्टी उचलली तर खाली तिचे पाय. मी ते कधीच बघितले नव्हते. नाटकात पुढे चौथरा असायचा, मग ही पट्टी.

रंग इथे सर्वांत जास्त सुटलेला, फुंकर मारली तर पाय उडून जातील असे. वाफवालीने दिवसभर धुकं दिलं तेव्हा ते नीट दिसायला लागले. काय बाई तऱ्हा तरी! एक पाय जमिनीवर आणि दुसरा त्याच्यावर चढवलेला. बगळ्यासारखी! "अशी कोण उभी राहते?" मी टेबलापाशी धागे गुंडाळत म्हटलं. "नाव यायच्या आधी तोल जाऊन पडायची नदीत."

वाफवालीने मान वर केली. माझ्याकडे बघितलं, खाली बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि तोंडावर हात दाबून अशी हसली की फळी हलली. काय झालं विचारलं तर म्हणे, "काही नाही काकू. शुक्रवारी काकांना आणाच." हल्लीच्या मुलांना कशाचं हसू येईल सांगता येत नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

हे आले. "धुकं बघायला येतो, बाकी काही नाही," असं तीनदा बजावून आले. टॅक्सीत उजवा हात खिशात लपवून बसले होते. नाट्यगृहाच्या पायरीशी थांबले, मग आपणच चढले.

पडद्याखाली पांढऱ्या चादरी पसरल्या होत्या. मॅनेजर आणि कमिटीची माणसं एका बाजूला, वाफवाली दुसऱ्या बाजूला नखं खात. ह्यांना कडेला खुर्ची दिली. मॅनेजर म्हणाला, "चढवा," आणि कप्पी करकरली.

मी वर बघितलंच नाही. माझे डोळे चादरीवर. पडदा डुलायचा, सुरकुतायचा, दोर हिसका द्यायचा, आणि प्रत्येक हिसक्याला मला वाटायचं, आता निळं सांडणार. ह्यांच्याकडे बघायचीही छाती होईना. हा गेला असता तर ह्यांच्या हाताचं जगात काही उरलं नसतं. मी त्या भवानीला सुद्धा हात जोडले, म्हटलं, बाई, तू कोणी का असेनास, टिकून रहा.

कप्पी थांबली. मॅनेजर गुडघे टेकून बसला, चादरीवर तळवा फिरवला आणि दिव्याखाली धरला. स्वच्छ होता.

"छापीलवाल्यांना नको म्हणून कळवा," तो म्हणाला. वाफवाली मटकन खाली बसली आणि रडायला लागली. कमिटीच्या एका माणसाने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

मग मी वर बघितलं. आकाश निळंभोर, खाली काळी नदी, नदीवर माझं धुकं, आणि काठावर ती, कंदील घेऊन. मी ह्यांच्या खुर्चीच्या पाठीला टेकून उभी राहिले. मला वाटलं हे धुकं बघतायत. पण हे बघत होते खाली, जमिनीकडे.

"काय सांडलं?" मी घाबरून विचारलं.

"काही नाही. पाय दुखत नाही का गं तुझा? इतकी वर्षं एकावर एक ठेवून उभी राहतेस."

मी खाली बघितलं. मग वर बघितलं. मग पुन्हा खाली. घसरलेला अंबाडा हाताने चाचपला, डाव्या हाताने. स्वतःची पाठ कोणी बघितलीय? पस्तीस वर्षं मी माझ्याच पाठीवर जळत होते.

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"मला वाटलं तू ओळखलंस. तू परत विचारलंच नाहीस."

"आणि तोंड का नाही काढलंत?"

"तुला आईकडे जाताना बघितलं ते पाठमोरीच ना," म्हणाले. "चार महिने तेवढंच डोळ्यांसमोर होतं."

खुर्चीच्या पाठीवर माझा हात होता, त्यावर ह्यांनी खिशातून काढून आपला हात ठेवला. तो थरथरत होता. एरवी मी तो दाबून धरते. आज थरथरू दिला, आणि पाय होता तिथेच ठेवला.